सफेद मुसळीचं टिशू कल्चर : बाटलीत हिरवीगार, बाहेर काढली की माना टाकते

मुक्ता_ऐरोली | १६ नोव्हेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. हा धागा बागकामात टाकावा की उद्योगात हे कळेना, म्हणून इथेच टाकतेय. जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं, मग आठ वर्षं केळीच्या टिशू कल्चर लॅबमध्ये (बाटलीत छोट्या तुकड्यापासून रोपं वाढवतात तिथे) काढली. दीड वर्षापूर्वी मैत्रिणीबरोबर रबाळे एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला. एक लॅमिनार (निर्जंतुक हवेचं टेबल), एक उभा ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), रॅकची एक खोली, दोन एसी, एवढाच संसार. मुरबाडच्या एका शेतकरी गटाला सफेद मुसळीची रोपं हवी आहेत (हिच्या जाड मुळ्या, म्हणजे कांड्या, औषधात जातात). केळीत हात बसलेला, त्या जोरावर हो म्हणून बसले आणि आता भोगतेय.

सध्या असं करते: गड्ड्यावरचा कोवळा डोळा चकतीसकट कापून घ्यायचा, नळाखाली अर्धा तास धुवायचा, बुरशीनाशकात २० मिनिटं, मग लॅमिनारमध्ये ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड (पाऱ्याचा क्षार) ५ मिनिटं, तीनदा निर्जंतुक पाणी. मीडियम (बाटलीतलं खाद्य) साधं एमएस, म्हणजे नेहमीचं क्षारांचं मिश्रण, साखर ३ टक्के, घट्ट करायला अगार ०.७ टक्के, पीएच ५.८, फुटव्यांचं हार्मोन बीएपी ३ मिग्रॅ प्रतिलिटर. मुळांसाठी अर्धं एमएस आणि मुळांचं हार्मोन आयबीए.

रडगाणं तीन कडव्यांचं आहे. पहिलं, १०० डोळे लावले की पहिल्या आठवड्यातच ४०-४५ बाटल्या खराब. दुसरं, वाचलेले छान फुटतात, पण चौथ्या सबकल्चरपासून (नव्या मीडियमवरच्या बदलीपासून) फुटवे काचेसारखे, पाणी भरल्यासारखे दिसायला लागतात. तिसरं आणि सगळ्यात वाईट, सप्टेंबरअखेर १८० रोपं कोकोपीटमध्ये काढली, आज ३१ उभी आहेत. बाकीची पिवळी पडून आडवी झाली.

हार्मोनचं प्रमाण बदलून बदलून थकले. आधी नक्की कशाला हात घालू?

बाटलीवाला | १६ नोव्हेंबर, रात्री ११:१५

ताई, मीही याच धंद्यातला, हल्ली तळोज्याला आहे. एक प्रश्न. रॅकवरच्या ट्यूबलाइट जुन्या, चोकवाल्या आहेत का? आणि चोक फळीच्या खालच्या अंगाला बसवलेत का?

मुक्ता_ऐरोली | १६ नोव्हेंबर, रात्री ११:२१

हो, एका बंद पडलेल्या लॅबचे रॅक स्वस्तात घेतले होते. का हो?

बाटलीवाला | १६ नोव्हेंबर, रात्री ११:५०

मग काचेची भानगड निम्मी तिथेच आहे. चोक तापला की वरची फळी तापते, फळीवरच्या बाटलीचं बूड गरम होतं आणि वर एसीच्या वाऱ्याने झाकण गार. पाण्याची वाफ होऊन झाकणाला लागते, तिथून टपटप खाली. फुटवे चोवीस तास वाफाऱ्यात बसल्यासारखे. उद्या सकाळी बॅटरी घेऊन बाटल्या बघा. झाकणाच्या आतून थेंब दिसले तर हार्मोनला शिव्या घालू नका.

चोक काढून खोलीबाहेर घ्या किंवा एलईडी लावा. अगार ०.८ करा. बीएपी ३ जास्तच आहे, १ किंवा दीडवर आणा. पण ही तीनही कामं एकाच आठवड्यात करू नका, नाहीतर गुण कशाने आला ते जन्मात कळणार नाही. दहा-दहा बाटल्यांचे गट पाडा आणि झाकणावर मार्करने तारीख लिहा. "लक्षात राहील" म्हणून सोडलेल्या बाटल्या कधीच लक्षात राहत नाहीत.

खट्याळ_खारघर | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

मुसळी म्हणजे तीच ना, जिच्या जाहिराती लोकलच्या डब्यात दाराच्या वर चिकटवलेल्या असतात? ताई, तुमच्याकडे गिऱ्हाइकांची वाण पडणार नाही. दिवे घ्या.

सानपाडा_सखी | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

आलाच हा. धागा इतका वेळ सरळ चालला होता तेच नवल.

निवृत्त_मास्तर | १७ नोव्हेंबर, दुपारी १:१०

मुक्ता, तुझं पहिलं कडवं घेतो.

केळी आणि मुसळीत मोठा फरक हा की मुसळीचा डोळा जन्मभर मातीत असतो. चकतीच्या खाचांत माती, मातीत जिवाणू, आणि काही तर पेशींच्या मधल्या जागेत मुक्कामाला असतात. तिथे तुझा पारा पोचत नाही. ५ मिनिटांची ८ मिनिटं केलीस तर जिवाणूंआधी डोळा मरेल.

तेव्हा धुणं वाढवण्यापेक्षा झाड आधीपासून स्वच्छ ठेव. निवडलेले गड्डे धुऊन, वाफवलेल्या कोकोपीटच्या कुंडीत आडोशाला लाव. पाणी बुडाशी, पानांवर कधीच नाही. महिनाभराने नवा डोळा बोटाच्या पेराएवढा वर आला की तो घे. आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत एवढं एकच बदललं होतं आणि बाटल्या फेकायचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं.

खराबी पहिल्या आठवड्यात दिसली तर ती बहुतेक वरची, बाहेरून आलेली. पण तिसऱ्या-चौथ्या सबकल्चरला बुडाशी दुधी धुकं दिसलं, तर तो आतला भाडेकरू समज. अशा ओळीतला एक तुकडा न्यूट्रिएंट अगारवर घासून बघ. जिवाणू उगवले तर ती ओळ अख्खी टाक. अँटिबायोटिकच्या नादी लागू नकोस, जिवाणू दबतात, मरत नाहीत, आणि ऐन हार्डनिंगला, रोपं बाहेरच्या हवेला सरावताना, उलटतात.

शेवटचं, जरा रागावून. पाऱ्याचं पाणी सिंकमध्ये ओततेस का? रबाळ्याचं पाणी कुठे जातं ते तुला सांगायला नको. ठाण्याच्या खाडीला २०१५ला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ला ती पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, आणि आपण तिला पारा पाजायचा? घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये साठव. तळोज्याला घातक कचऱ्याची सोय आहे. जमलं तर सोडियम हायपोक्लोराइडवरच ये. थोडी जास्त झटापट, पण रात्री झोप लागते.

मुक्ता_ऐरोली | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४४

मास्तर, कान पकडले. कॅन आजच आणला.

बाटलीवाला, झाकणं बघितली. पाऊस पडतोय आत.

येऊरकर | १७ नोव्हेंबर, रात्री ९:०२

हे राहूनच गेलं. या झाडाचं शास्त्रीय नाव माहीत आहे का? क्लोरोफायटम बोरिविलियॅनम. बोरिविलियॅनम म्हणजे आपल्या बोरिवलीचं! सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात हे नाव दिलं. म्हणजे येऊरच्या डोंगराच्या या अंगाला आम्ही ठाणेकर, त्या अंगाला बोरिवली आणि मधे मुसळीचं माहेर. मुक्ताताई माहेरच्या पोरीला एसीत कोंडून विचारतायत की बाई तुला सासर का मानवत नाही.

खट्याळ_खारघर | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१०

मग येऊरहून दोन-चार उपटून आणू का रविवारी?

येऊरकर | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१४

राष्ट्रीय उद्यान आहे ते. पानसुद्धा तोडायचं नाही. वनखात्याने धरलं तर जामिनाला आम्ही येणार नाही.

सानपाडा_सखी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४०

पावसाळ्याच्या तोंडाला ठाणे स्टेशनबाहेर आदिवासी बायका फोडशीच्या जुड्या घेऊन बसतात, ती याच कुळातली ना? आमची आजी कुळूची भाजी म्हणायची. मधला पांढरा दांडा काढायचा, बारीक चिरून तीन पाण्यांतून धुवायची, कांदा-मिरची आणि भिजवलेली मूगडाळ. कोलंबी घातली तर अजून बहार.

निवृत्त_मास्तर | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०५

त्याच कुळातली. फोडशी म्हणून एकाहून जास्त क्लोरोफायटम विकली जातात, त्यामुळे प्रत्येक जुडी सफेद मुसळीचीच असेल असं नाही. आणि तुमच्या गॅलरीत लोंबणारा स्पायडर प्लांट हाही त्यांचा चुलतभाऊ. काळी मुसळी मात्र वेगळ्याच घरातली, पिवळ्या फुलांची. नावावर जाऊ नये.

मुक्ता, नव्या पोरी कामाला घेशील तर त्यांचा हात आधी स्पायडर प्लांटवर बसव. फुकटचा आहे, मेला तर हळहळ नाही.

विदर्भी_बाणा | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

ताई, मुलाकडे ऐरोलीला राहतो, मूळचा अमरावती जिल्ह्यातला. मुसळीचं नाव वाचलं आणि झोप उडाली.

दोन हजार सालानंतर आमच्याकडे मुसळीची लाट आली होती. एक कंपनी आली, हॉलमध्ये जेवण, पडद्यावर हिरवीगार शेतं. बियाणं आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेतो, स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. मी सोयाबीन मोडून अर्धा एकर लावली. पीक आलं बरं का. काढणीला बायकांनी एकेक कांडी बोटांनी सोलली, पांढरीशुभ्र वाळवली, पोती शिवली. फोन केला तर लागेना. शहरात ऑफिसला गेलो, तिथे शिवणक्लास चालू होता. स्टॅम्पपेपर अजून पेटीत आहे. माल व्यापाऱ्याला मातीमोलाने दिला.

म्हणून विचारतो, तुमच्या मुरबाडवाल्यांचा माल घेणार कोण? ते ठरलं नसेल तर बाटलीत शंभर टक्के जगली तरी काय उपयोग?

सानपाडा_सखी | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

काका, शिवणक्लास वाचून हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

कोरडवाहू | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

बाणाकाकांशी सहमत, आणि माझी वेगळीच शंका. मुसळीला टिशू कल्चर हवंच कशाला? गड्ड्याची चकती सुरीने कापली, प्रत्येक तुकड्याला डोळा आणि एक-दोन कांड्या ठेवल्या, झाली रोपं. ना वीज, ना अगार. केळीचं ठीक आहे, तिथे हजारो एकसारखी रोपं लागतात.

मुक्ता_ऐरोली | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

बाणाकाका, गटाचा एका आयुर्वेदिक औषधवाल्याशी करार आहे म्हणतात. तुमचं वाचून कागद मागवलाय. आधी मागायला हवा होता.

कोरडवाहू, प्रश्न बरोबर आहे. एका गड्ड्याच्या वर्षाला फार तर पाच-सहा फाळी होतात, आणि कापलेल्या जागी कूज शिरते. बियांचं उगवण कमी. गटातल्या एका आजोबांच्या बांधावर जाड कांड्यांचे मोजके गड्डे आहेत, तेच वाण वाढवायचंय. शेतात थेट टिशू कल्चरची रोपं लावून पहिल्याच वर्षी विक्रीची कांडी मिळेल असं मी कबूल केलेलं नाही. ही मातृरोपं. पुढची वाढ ते सुरीनेच करतील.

बाटलीवाला | १८ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

हे आवडलं. वाणच वाढवायचं असेल तर कॅलसच्या (पेशींच्या गाठीच्या) वाटेला जाऊ नका, कितीही भराभर फुटो. गाठीतून आलेली रोपं आईसारखी निघतीलच असं नाही. डोळ्यातून डोळा, एवढंच करा, आणि एका ओळीची सबकल्चर सात-आठच्या पुढे नेऊ नका. केळीला व्हायरस तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं हे तुम्हाला माहीतच आहे. २००६पासून केंद्राची ती व्यवस्था आहे.

आणि पावसाळ्यासाठी एक सावधगिरी. बुरशी बाटलीत ठिपक्याठिपक्यांच्या ओळीने उगवलेली दिसली, जणू कोणी चालत गेलंय, तर खरंच कोणीतरी चालत गेलेलं असतं. माइट. डोळ्याला दिसत नाही, झाकणाच्या फटीतून शिरतो, पायाला बुरशीचे बीजाणू घेऊन. एका जुलैत आमचा अख्खा रॅक गेला होता. झाकणांवर क्लिंग फिल्म गुंडाळा, आणि खराब बाटली रॅकच्या खोलीत उघडूच नका. आधी ऑटोक्लेव्ह, मग झाकण.

खट्याळ_खारघर | १८ नोव्हेंबर, दुपारी ४:३१

बुरशीची पावलं! लक्ष्मीची ऐकली होती.

औषधी_आबा | १८ नोव्हेंबर, रात्री ८:४५

मुसळी सोडा, सर्पगंधा करा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकीलांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधा आणि रक्तदाबावर लेख लिहिला आणि जगाचं लक्ष या झुडपाकडे गेलं. १९५२ला त्यातून रेसरपिन वेगळं काढलं. मग जंगलं इतकी ओरबाडली की आज तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. जी खरंच संपत चाललीय तिच्यासाठी बाटल्या भराव्यात. मुसळी काय, लोकलच्या डब्यातली.

येऊरकर | १८ नोव्हेंबर, रात्री ९:२०

आबा, माहिती झकास, पण जंगलातली मुसळीही खणून खणूनच कमी झालीय. लोकलच्या जाहिरातीतला माल कुठून येत होता असं वाटतं तुम्हाला?

बांधावरची_बाय | २१ नोव्हेंबर, रात्री १०:१०

उशिरा आले. शहापूरजवळ आमची शेती आहे. बाटलीतलं मला काही कळत नाही, पण तिसऱ्या कडव्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

ताई, तुम्ही रोपं सप्टेंबरअखेर बाहेर काढली. आमची मुसळी पहिल्या पावसाला उगवते आणि नवरात्र-दसऱ्याच्या आसपास पिवळी पडून आपोआप आडवी होते. पान जमिनीवर कुठे होतं तेसुद्धा दिसत नाही. ती मरत नाही हो, निजते. सासूबाई त्या जागी काटकी खोचून ठेवतात, नाहीतर उन्हाळ्यात कोणी नांगर घालायचं.

तुमची १४९ रोपं मेली हे तुम्ही कशावरून ठरवलं? खाली उकरून बघितलं का?

बाटलीवाला | २१ नोव्हेंबर, रात्री १०:३२

अरे देवा. आम्ही सगळे झाकणात डोकं घालून बसलो.

निवृत्त_मास्तर | २१ नोव्हेंबर, रात्री ११:००

बाय, चाळीस वर्षं शिकवलं आणि हे सुचलं नाही. शाबास.

कारणही सरळ आहे. रॅकच्या खोलीत बारा महिने २५ अंश, १६ तास उजेड. तिथे झाडाला ना पावसाळा ना हिवाळा. पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) १९९०ला बांबूला बाटलीतच फुलं आणून दाखवली होती, ज्याला एरवी कित्येक दशकं लागतात. बाटलीतलं झाड ऋतू विसरतं असं म्हणून आपण मोकळे होतो. मुसळी बाहेर पडली की तिला आठवतं, एवढंच.

पण मुक्ता, लगेच हुरळू नकोस. मुळं जाड झाली नसतील तर ती निजणार कशावर? नुसत्या बारीक मुळांची रोपं मेलेलीच असतील. ऑक्टोबरच्या उन्हात शेडनेटखाली ओलावा टिकला नाही हेही कारण असू शकतं. बाटलीत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. पहिले दोन आठवडे प्लास्टिकखाली ठेवून हळूहळू हवा दाखवावी लागते.

मुक्ता_ऐरोली | २२ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

रात्रीच गाळ्यावर जाणार होते, नवऱ्याने थांबवलं. आत्ता गच्चीवर बसून लिहितेय, नखांत कोकोपीट आहे.

साठेक रोपं मागच्याच आठवड्यात कचऱ्यात गेली. त्याचं आता काही होणार नाही. उरलेले ट्रे कडेला रचून ठेवले होते, त्यात ८९ होती. दहा उकरली. चारांत काही नाही, काळा चिखल. सहांत पांढऱ्या कांड्या आहेत, आगकाडीएवढ्या, बोटांत दाबल्या तर टणक. एकीच्या डोक्यावर मोहरीएवढा डोळा पण आहे.

आठवलं ते असं: ही सगळी त्या तुकडीतली, जी मुळांच्या मीडियममध्ये चुकून दहा आठवडे राहिली. तेव्हा दिवाळीच्या बोनसवरून मदतनीस मुलीशी वाद झाला नसता तर वेळेवर काढली असती.

निवृत्त_मास्तर | २२ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

सप्टेंबरअखेर काढलीस म्हणालीस, मग दिवाळीचा वाद त्याआधी कसा?

मुक्ता_ऐरोली | २२ नोव्हेंबर, सकाळी १०:३१

बोनसचा वाद आमच्याकडे गणपतीपासूनच सुरू होतो, मास्तर.

बाटलीवाला | २२ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

मग चुकीतूनच वाट सापडली. मुळांच्या मीडियममध्ये मुद्दाम जास्त आठवडे ठेवा आणि साखर वाढवून बघा. बटाट्याचे सूक्ष्मकंद बाटलीत करताना साखर ८ टक्क्यांपर्यंत नेतात. मुसळीला ४, ५, ६ असे तीन गट करा. आणि साखर दुकानातलीच वापरा हो, प्रयोगशाळेची शुद्ध साखर धंद्याला परवडत नाही.

बांधावरची_बाय | २२ नोव्हेंबर, दुपारी २:००

ट्रेला आता पाणी घालू नका. सावलीत, कोरडे ठेवा, उंदरांपासून जपा. रोहिणीपर्यंत विसरून जा.

मुक्ता_ऐरोली | २१ जून, रात्री ९:१५

धागा वर काढतेय.

उकरलेली चार सोडून ८५ ट्रेमध्ये होती. मेअखेर हलकं पाणी सुरू केलं. पहिल्या सरीनंतर आठ दिवसांत टोकं दिसायला लागली, आजपर्यंत ४७. उरलेल्यांची आशा मी अजून सोडलेली नाही, मैत्रिणीने सोडलीय.

चोक बाहेर काढले, बीएपी दीडवर आणलं. बाटलीवाल्यांच्या सांगण्यावरून दोन्ही वेगवेगळ्या महिन्यांत केलं. काच होणं चोक काढल्यावरच बरंचसं थांबलं. बीएपी कमी केल्यावर फुटवे थोडे घटले, पण जाड निघाले. साखरेच्या गटांत ५ टक्क्यांच्या कांड्या बऱ्या, ६ला पानं आखडली. कुंडीतल्या आयांचे डोळे घेतल्यापासून १००तल्या २०-२२ बाटल्या खराब होतात. पारा बंद.

नवी रोपं आता जूनमध्येच बाहेर काढतेय. गटाला स्पष्ट सांगितलं की वर्षाला एकच तुकडी, पावसाबरोबर. करार वाचला, बाणाकाका. भाव "बाजारभावाप्रमाणे" एवढंच लिहिलं होतं. गटाने तो परत पाठवलाय.

नवं संकट: शेडनेटमध्ये मोठाल्या आफ्रिकन गोगलगायी. काल रात्रीत सहा रोपं चाटूनपुसून खाल्ली.

विदर्भी_बाणा | २१ जून, रात्री ९:४०

परत पाठवला ते उत्तम केलं. खालचा किमान भाव आकड्यात लिहून घ्या, अक्षरीसुद्धा.

बांधावरची_बाय | २१ जून, रात्री ९:५८

ट्रेभोवती कोरड्या राखेची रेघ ओढा. पावसाने वाहिली की परत ओढायची. आणि रात्री बॅटरी घेऊन वेचायच्या, हातमोजे घालून. मिठाच्या पाण्याची बादली शेजारी ठेवा, पण मीठ रोपांत सांडू देऊ नका.

खट्याळ_खारघर | २१ जून, रात्री १०:०३

गोगलगायींची संख्या अचानक वाढली तर मुसळी लागू पडली असं समजायचं का?

सानपाडा_सखी | २१ जून, रात्री १०:०६

सात महिने थांबला होता हा यासाठी.

मुक्ता, ठाणे स्टेशनबाहेर फोडशी आलीय. शनिवारी दोन जुड्या घेतेय, एक तुझी. तुझ्या ट्रेमधली मात्र कोणी भाजीला मागितली तर देऊ नकोस.